आधी ताटली, मग यंत्र

आपल्या किनाऱ्यावरील कोळंबी-संवर्धकांपुढे अलीकडे दोन नव्या गोष्टी मांडल्या जात आहेत. एक, मासळीच्या कुटीऐवजी मुख्यतः सोयाबीनच्या पेंडीवर आधारलेले खाद्य. दुसरी, ते खाद्य आपोआप तळ्यात टाकणारे यंत्र. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु त्या कोणत्या क्रमाने स्वीकाराव्यात याचा विचार झाला नाही, तर लाभाऐवजी कर्जच पदरी येण्याचा संभव आहे.

प्रथम खाद्याचा विचार करू. कोळंबीच्या उत्पादनखर्चाचा सुमारे निम्मा, कित्येकदा त्याहूनही अधिक भाग खाद्यावर जातो. मासळीची कुटी ज्या तारलीसारख्या लहान मासळीपासून बनते, ती समुद्रातील मोठ्या माशांचे आणि किनाऱ्यावरील गरिबांचेही अन्न होय. सोयाबीन मात्र आपल्या विदर्भात व मराठवाड्यात विपुल पिकते, आणि तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत शेकडा ४४ ते ४८ भाग प्रथिने असतात. तेव्हा हा बदल योग्य दिशेचाच आहे.

तथापि वनस्पतिजन्य खाद्य म्हणजे घरची पेंड भिजवून तळ्यात टाकणे नव्हे. सोयाबीनच्या प्रथिनांत मेथिओनिन हा आवश्यक घटक कमी असतो. कच्च्या सोयाबीनमधील पचनास बाधक द्रव्ये योग्य उष्णता दिल्यावरच निष्प्रभ होतात. शिवाय कोळंबीला कोलेस्टेरॉल बाहेरून मिळावे लागते, आणि पेंडीत ते जवळजवळ नसतेच. चांगल्या तयार खाद्यात या उणिवा भरून काढलेल्या असतात. यास्तव पोत्यावरील प्रथिनांचे प्रमाण व तारीख वाचूनच खरेदी करावी, आणि बुरशी लागलेले खाद्य कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

आता यंत्राकडे वळू. २००९ पासून भारतात संवर्धनास परवानगी मिळालेली व्हेनामी कोळंबी एका वेळी थोडे आणि दिवसभर खाते. हाताने तीन-चार वेळा खाद्य टाकले की त्यातील काही तसेच पडून राहते, त्यातील सत्त्व पाण्यात विरघळते आणि उरलेले तळाशी कुजते. त्यातून अमोनिया निर्माण होतो व प्राणवायू घटतो. यंत्र थोडे थोडे खाद्य वारंवार टाकते, हा त्याचा खरा गुण. परंतु केवळ घड्याळावर चालणाऱ्या यंत्राला कोळंबीची भूक कळत नाही. कोळंबी कात टाकत असेल, आभाळ भरून आले असेल किंवा पाण्यातील प्राणवायू कमी झाला असेल, तरी ते ठरल्याप्रमाणे खाद्य टाकीतच राहते. कोळंबीच्या खाण्याचा आवाज पाण्यात टिपून त्यानुसार चालणारी यंत्रेही निघाली आहेत. पण लहान संवर्धकाला ती महाग पडतात.

भूक ओळखण्याचे साधे साधन ज्याच्या त्याच्या आवाक्यात आहे. ते म्हणजे जाळीची ताटली, जिला तळ्यावर चेक ट्रे म्हणतात. तीत मोजके खाद्य ठेवून दीड-दोन तासांनी ती वर काढावी. खाद्य उरले असेल तर पुढील मात्रा कमी करावी, आणि ताटली रिकामी असेल तर बेताने वाढवावी. रोजची नोंद वहीत ठेवावी.

या नोंदीचे मोल हिशेबाने पटेल. ४,००० किलो कोळंबीसाठी किलोमागे दीड किलो खाद्य लागले, तर ६,००० किलो खाद्य खर्ची पडते. हेच प्रमाण १.३ किलोवर आणले, तर ५,२०० किलोत काम भागते. वाचलेले ८०० किलो खाद्य म्हणजे रोख बचत, आणि तेवढाच तळाचा गाळही टळला.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ज्याने एक हंगाम ताटली व वही नेमाने सांभाळली, त्यानेच यंत्रासाठी कर्ज काढावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही यंत्राची माहिती सांगण्यापूर्वी संवर्धकाची वही पाहावयास मागावी. यंत्र हाताचे श्रम वाचवील. तळ्यावरील नजर मात्र धन्याचीच हवी.