तेजसचे फोटो टाकलेत, आता रेडिओबद्दलही बोलू

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं, तेव्हा आपल्या निम्म्या मित्रयादीचं स्टेटस तेच होतं. माझंही होतं. त्यात गैर काहीच नाही. १९६४ पासून, मिग-२१ च्या काळापासून, ओझर विमानं बनवतंय, मग सुखोई आलं, आता तेजस. इकडे देवळालीला तोफखान्याची शाळा. भगूर-लहवितच्या लोकांना तोफेचा आवाज ऐकून आता मान वळवावीशीही वाटत नाही. नाशिकरोडला गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा. देशात किती गावांना असं तिन्ही एकत्र मिळालंय?

पण आज मला विमानाबद्दल किंवा तोफेबद्दल नाही, त्या दोघांना जोडणाऱ्या माणसाबद्दल आणि त्याच्या पाठीवरच्या पेटाऱ्याबद्दल लिहायचंय.

आघाडीवर पायदळाबरोबर एक छोटं पथक असतं. वरून येणाऱ्या विमानाला ते सांगतं, की शत्रू इथे आहे, आपली माणसं इथे आहेत, या बाजूने ये आणि त्या बाजूने निघून जा. ऐकायला सोपं वाटतं. द्वारका चौकात नवख्या माणसाला फोनवरून पत्ता सांगून बघा. "डावीकडे वळ" म्हटल्यावर त्याचं डावं आणि आपलं डावं वेगळं निघतं. इथे समोरचा ताशी ९०० किलोमीटरने येतोय, म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर. तुम्ही आकडे वाचणार, तो मांडीवरच्या कागदावर लिहिणार, परत वाचून दाखवणार, आणि मध्ये खरखर. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर बॉम्ब शेजारच्या डोंगरावर, किंवा आपल्याच खंदकावर. म्हणून आता जगभर प्रयत्न असा आहे, की लेझरने अंतर मोजायचं, ठिकाण यंत्रानेच काढायचं आणि ते न बोलता थेट वैमानिकाच्या पडद्यावर पाठवायचं. बोलणं राहतंच, पण खात्री करण्यापुरतं.

आपल्याकडे हे काम चोख झाल्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे लोंगेवाला. ५ डिसेंबर १९७१ ची सकाळ. मेजर चांदपुरींच्या तुकडीने रात्रभर ठाणं लढवलं, उजाडल्यावर जैसलमेरची हंटर विमानं आली आणि रणगाडे जळाले. सिनेमात हे सगळं आहेच. पण त्या हंटरना खाली काय कुठे आहे हे सांगायला मेजर आत्मा सिंग कृषक नावाच्या छोट्याशा विमानातून घिरट्या घालत होते, हे किती जणांना आठवतं? ही टेहळणीची विमानं तेव्हा तोफखान्याचेच अधिकारी उडवायचे. साधा रेडिओ, उघडं वाळवंट आणि डोळे, एवढ्यावर जमलं. १९९९ ला कारगिलमध्ये शिखरं सगळी सारखीच दिसणारी, तिथे नुसत्या डोळ्यांवर भागेना. २४ जूनला टायगर हिलवर मिराजने लेझरवाले बॉम्ब टाकले, तेव्हा कुठे नेम बसायला लागला.

आता उलटं उदाहरण. हे लिहिताना हात जड होतो.

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी श्रीनगरहून उडालेलं एमआय-१७ हेलिकॉप्टर दहाएक मिनिटांत बडगामला कोसळलं. आतले सहा जण गेले, खाली एक नागरिक गेला. त्या सहांत आपले स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्यांना निरोप द्यायला नाशिक रस्त्यावर उतरलं होतं, ते विसरण्यासारखं नाही. नंतर ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरियांनी जाहीरपणे मान्य केलं, की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ती मोठी चूक होती. चौकशीतून जे बाहेर आलं त्यानुसार हेलिकॉप्टरमधलं 'आपला की परका' सांगणारं यंत्र बंद होतं, आणि जमिनीवरची माणसं व हेलिकॉप्टर यांच्यातल्या संपर्कात गफलत झाली होती. क्षेपणास्त्रही हवाई दलाचं, हेलिकॉप्टरही हवाई दलाचं. एकाच दलात असं होऊ शकतं, तर दोन दलांमध्ये काय होत असेल, याचा विचार करा.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, मग नवीन यंत्रं घ्या, संपला प्रश्न. नाही संपत. बडगामला यंत्र नव्हतं असं नाही, ते बंद होतं. अमेरिकेकडे तर काय कमी होतं? ५ डिसेंबर २००१ ला (तारीख बघा, लोंगेवालाचीच) कंदहारजवळ त्यांच्या एका सैनिकाने ठिकाण दाखवणाऱ्या यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र परत सुरू झालं ते स्वतःचंच ठिकाण दाखवत. त्याला ते माहीत नव्हतं. त्याने तेच आकडे वर दिले आणि सुमारे नऊशे किलोचा बॉम्ब त्यांच्यावरच आला. तीन अमेरिकन सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे अफगाण मारले गेले, हमीद करझाई थोडक्यात वाचले. साध्या बॅटरीपायी! यंत्र बनवणाऱ्याने वापरणाऱ्याला, थंडीत हातमोजे घालून, घाबरलेल्या अवस्थेत, कधी बघितलंच नव्हतं, असंच मला वाटतं.

म्हणून माझं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, पायदळाच्या, तोफखान्याच्या आणि विमानाच्या रेडिओला एकमेकांची भाषा कळली पाहिजे. प्रत्येक दलाने आपापली वेगळी खरेदी करायची आणि मग जोडायला तिसरा डबा आणायचा, हे थांबायला हवं. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी लष्कराची आकाशतीर प्रणाली हवाई दलाच्या जाळ्याशी जोडलेली होती आणि त्याचा उपयोग झाला. म्हणजे मनात आणलं तर जमतं. तेच आघाडीवरच्या चार माणसांच्या पथकापर्यंत उतरलं पाहिजे. आणि दुसरी, माझ्या मते मोठी गोष्ट म्हणजे एकत्र सराव. वैमानिकाने त्या पथकाबरोबर डोंगर चढावा आणि पथकातल्या माणसाने एकदा तरी वरून खालचं जग बघावं. यात नाशिकसारखी जागा नाही. तोफखान्याची शाळा, हेलिकॉप्टरची शाळा आणि विमानाचा कारखाना तासाभराच्या अंतरात. सातपूर-अंबडमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं काम जाणणारे कारखानदार आहेत, काही वर्षांपूर्वी संरक्षण नवोपक्रम केंद्राची घोषणाही आपल्यासाठी झाली होती. नवा रेडिओ देवळालीच्या चिखलात, पावसाळ्यात, जवानाच्या हातात देऊन तपासा. सुधारणा इथेच करा.

"हे गुप्त विषय आहेत, सामान्य माणसाने बोलू नये," असा एक आक्षेप येणार. कोणत्या पथकाकडे कोणतं यंत्र आहे ते मला नकोच आहे, आणि कृपया कमेंटमध्ये कोणी लिहूही नका. पण बडगामनंतर ओळख यंत्रांच्या वापराचे नियम बदलले का, संपर्क साधनांवरचा मंजूर पैसा वेळेत खर्च होतो का, एवढं संसदेत विचारता येतं. त्यासाठी संरक्षणाची स्थायी समिती असते. नाशिक आणि दिंडोरी, दोन्ही खासदारांना मी या आशयाचं पत्र पाठवतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी इनबॉक्समध्ये नाव द्या.