डोळ्यात टाकलेले औषध घशात कडू का लागते?

डोळ्यात थेंब टाकल्यावर थोड्या वेळाने घशात कडू चव येते, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. "डॉक्टर, औषध डोळ्यात टाकलं, मग घशात कसं उतरलं?" असे रुग्ण विचारतात. माझ्या मते थेंबांच्या प्रत्येक बाटलीबरोबर या प्रश्नाचे उत्तरही मिळायला हवे.

हात धुऊन आरशासमोर उभे राहा आणि खालची पापणी नाकाच्या बाजूला थोडी खाली ओढा. कडेवर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही असेच एक असते. त्याची रुंदी साधारण ०.३ मिमी. तिथून निघणारी नळी सुमारे २ मिमी सरळ जाते, मग काटकोनात वळून सुमारे ८ मिमी नाकाकडे जाते. पुढे अश्रूंची पिशवी आणि तिथून थेट नाक.

निरांजनाच्या वातीत तेल आपोआप चढते, तसेच अश्रू या छिद्रात ओढले जातात. याला केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक, तितकी ओढ जास्त. द्रव नळीच्या भिंतीला धरून सरकतो, त्यामुळे वळण आले तरी तो अडत नाही. त्यात पापण्यांची उघडझाप पंपासारखी मदत करते.

हाच रस्ता औषधालाही मोकळा असतो. नाकाच्या अस्तरातून ते रक्तात जाते, तेही यकृतातून आधी न जाता. म्हणून काचबिंदूसाठी दिलेल्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमा असलेल्या माणसाला धाप लागू शकते, काहींच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. "डोळ्याचंच तर औषध आहे" म्हणून दमा किंवा हृदयविकार डॉक्टरांपासून लपवू नका.

उपाय बिनखर्चाचा आहे:

१. एका वेळी एकच थेंब टाका. जास्त टाकले तर ते गालावर तरी येतात, नाही तर नाकात तरी जातात.

२. डोळा हलकेच मिटा. घट्ट आवळू नका, उघडझाप करू नका.

३. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने २ मिनिटे दाबून धरा.

४. दुसरे औषध असेल तर मध्ये किमान ५ मिनिटे जाऊ द्या.

यात चूक आम्हा डॉक्टरांचीही आहे. "दिवसातून २ वेळा, १ थेंब" एवढे लिहून आम्ही पुढच्या रुग्णाला बोलावतो. तेव्हा पुढच्या भेटीत तुमची बाटली सोबत न्या आणि सांगा, "मी थेंब कसा टाकतो ते एकदा बघा." यात संकोच कसला?

त्रास वाटला तर थेंब मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टरांना विचारा. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. बहुतेकांना हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्यासाठी रोजची २ मिनिटे काही फार नाहीत.