वसतिगृहाचे उघडे दार

मुले शिकण्यासाठी अमेरिकेला निघाली की मराठी घरांत विद्यापीठाच्या क्रमवारीची चर्चा रंगते. तेथील पोलिसांची चौकशी क्वचितच होते. वास्तविक अनेक मोठ्या विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस दल असते; येलमध्ये ते १८९४ पासून आहे. रात्री ग्रंथालयातून खोलीपर्यंत सोबत करणे, सायकलींची नोंद ठेवणे अशी साधी कामेही ते करते.

या सोबतीहून मोलाची आहे ती नोंदवही. १९८६ साली लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीची हत्या झाली. आपोआप बंद होणारी दारे कुणीतरी वस्तू अडकवून उघडी ठेवली होती. मारेकरी तेथूनच शिरला. विद्यापीठातील गुन्ह्यांची कल्पना आपल्याला दिलीच गेली नव्हती, ही तिच्या आईवडिलांची व्यथा. त्यांच्या लढ्यातून १९९० साली कायदा झाला. गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल आणि पुढे १९९८ च्या दुरुस्तीने दैनंदिन नोंदही सर्वांना खुली करणे बंधनकारक ठरले. प्रतिष्ठेला बट्टा लागू नये म्हणून गुन्हे झाकण्याची वृत्ती काही केवळ तिकडचीच नव्हे!

तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी हा अहवाल आवर्जून वाचावा. त्यात वसतिगृहांतील गुन्ह्यांचे आकडे वेगळे दिलेले असतात.