ईटीएफचा लाभांश खात्यात का येत नाही?
कंपन्यांनी लाभांश वाटला, तरी निफ्टी ईटीएफ घेतलेल्यांच्या बँक खात्यात सहसा काहीच येत नाही. पैसे बुडत नाहीत. बहुतेक ईटीएफ ते पुन्हा शेअरमध्येच गुंतवतात आणि युनिटचे मूल्य, म्हणजे एनएव्ही, तेवढे वाढते. यात करही लांबतो. थेट शेअरवरील लाभांश एप्रिल २०२० पासून गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात धरला जातो. फंडाला मिळालेला लाभांश मात्र करमुक्त. ईटीएफधारकाला कर लागतो तो युनिट नफ्यात विकल्यावर. म्हणून परतावा तपासताना टीव्हीवरचा निफ्टी नव्हे, लाभांश धरून मोजलेला ‘टोटल रिटर्न’ निर्देशांक पाहावा. अडचण होते ती दरमहा खर्चाला पैसे लागणाऱ्या निवृत्तांची. त्यांना युनिटच विकावी लागतात, बाजार पडलेला असला तरी.