कॉलेजला न जाता इतिहासाची पदवी? परीक्षा देऊन क्रेडिट मिळवण्याचा मार्ग कुठे अडतो, समजून घ्या

'अमेरिकेत वर्गात न बसता, फक्त परीक्षा देऊन पदवी मिळते,' असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ही थाप नाही. पण ही पूर्ण गोष्टही नाही. इतिहासासारख्या विषयात हा मार्ग अर्ध्यापर्यंत वेगाने नेतो आणि मग अडतो. तो का अडतो, हे समजून घेतलं तर इतिहास शिकणं म्हणजे काय, हेही कळतं.

ही व्यवस्था नेमकी काय आहे?

अमेरिकेत पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात. एका विषयाचा सत्रभराचा अभ्यासक्रम बहुधा ३ क्रेडिटचा असतो. पण तो विषय तुम्हाला आधीच येत असेल, तर वर्गाची फी भरून पुन्हा का शिकायचा? या विचारातून कॉलेज बोर्डाने १९६७ मध्ये 'क्लेप' ही परीक्षा सुरू केली. कुठे शिकलात, किती दिवस शिकलात, हे इथे कुणी विचारत नाही. गुण मिळाले की ते स्वीकारणारं कॉलेज तेवढं क्रेडिट देतं.

क्लेपमध्ये इतिहासाच्या मुख्य चार परीक्षा आहेत. अमेरिकेच्या इतिहासाच्या दोन: एक वसाहतींच्या काळापासून १८७७ पर्यंत, दुसरी १८६५ पासून आजपर्यंत. पाश्चात्त्य संस्कृतीच्याही दोन: १६४८ पर्यंतची आणि त्यानंतरची. एका परीक्षेची फी सध्या शंभर डॉलरच्या आसपास आहे. गुण २० ते ८० या पट्टीवर दिले जातात आणि ५० गुणांना क्रेडिट द्यावं, अशी शिफारस आहे. अंतिम निर्णय मात्र प्रत्येक कॉलेजचा असतो.

याशिवाय 'डीएसएसटी' नावाच्या परीक्षा आहेत. त्या मुळात सैनिकांसाठी होत्या, आता सर्वांना देता येतात. त्यात अमेरिकेचं यादवी युद्ध, व्हिएतनाम युद्ध, सोव्हिएत संघ असे विषय आहेत.

पदवी देतं कोण?

परीक्षेतून मिळालेली क्रेडिट बहुतेक कॉलेजं मर्यादेतच घेतात. पण १९७० च्या दशकात नोकरदार, सैनिक आणि शिक्षण अर्धवट राहिलेले प्रौढ डोळ्यांसमोर ठेवून तीन संस्था उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली सुरू झालेली आजची एक्सेलसियर युनिव्हर्सिटी, न्यू जर्सीतली थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी (१९७२) आणि कनेक्टिकटमधलं चार्टर ओक स्टेट कॉलेज (१९७३). तिन्ही मान्यताप्राप्त आहेत आणि बाहेरून मिळवलेली क्रेडिट मोठ्या प्रमाणात स्वीकारतात.

दिवसा नोकरी, रात्री मुलं आणि डोक्यावर शैक्षणिक कर्जाची धास्ती असलेल्या माणसासाठी ही सोय खरोखर मोठी आहे.

मग अडतं कुठे?

अमेरिकेत इतिहास हा मुख्य विषय घेतला, तर त्याची साधारण ३० ते ३६ क्रेडिट लागतात. त्यातला मोठा भाग वरच्या पातळीचा, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांच्या तोडीचा असावा लागतो. क्लेपच्या इतिहासाच्या परीक्षा मात्र पहिल्या दोन वर्षांच्या पातळीच्या आहेत. डीएसएसटीच्या मोजक्या परीक्षा वरच्या पातळीच्या मानल्या जातात, पण तेवढ्यावर भागत नाही. उरलेलं प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमातूनच पूर्ण करावं लागतं. वरील तिन्ही संस्थांमध्ये शेवटी 'कॅपस्टोन' हा समारोपाचा अभ्यासक्रमही असतो.

ही निव्वळ नियमांची आडकाठी नाही. क्लेपच्या अमेरिकी इतिहासाच्या परीक्षेत ९० मिनिटांत सुमारे १२० बहुपर्यायी प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं, हे सांगायला तेवढा वेळ पुरतो. पण गुलामगिरी संपल्यावर एखाद्या गावातल्या शेतमजुरांचं आयुष्य किती बदललं, हे शोधायचं असेल तर त्या काळातले मजुरीचे करार, पत्रं, वर्तमानपत्रं वाचावी लागतात. करार कुणी लिहिला, सही करणाऱ्याला वाचता येत होतं का, दोन कागद एकमेकांशी का जुळत नाहीत, हे विचारावं लागतं. इतिहासाचं खरं काम हे आहे आणि ते दिलेल्या पर्यायांत मावत नाही.

म्हणजे वर्गातली पदवी श्रेष्ठ?

असंही नाही. 'अपेक्षित' आणि गाईड पाठ करून इतिहासाचा पेपर काढणं आपल्याला नवीन नाही. वर्गात हजेरी लावली म्हणून कुणी कागदपत्रं तपासायला शिकतं, असं नाही. उलट, अमेरिकेतल्याच 'एपी' या शाळकरी मुलांच्या परीक्षेत मूळ कागदपत्रांचे उतारे देऊन त्यावर निबंध लिहायला लावतात. म्हणजे परीक्षेलाही हे विचारता येतं. प्रश्न वर्ग की परीक्षा हा नाहीच. परीक्षा काय विचारते, हा आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देणं महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठही सुरुवातीला मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होतं, शिकवायचं काम कॉलेजं करत. पण क्लेपसारखी एक परीक्षा देऊन थेट पदवीची क्रेडिट मिळवण्याची सर्रास सोय आपल्याकडे नाही. २०२१ पासूनची 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही मिळालेली क्रेडिट साठवते, स्वतः परीक्षा घेत नाही. 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय घेण्याची मुभा नियमांत आहे, पण तिथेही आधी अभ्यासक्रम आणि मग परीक्षा.

भारतात बसून अमेरिकेतली अशी पदवी घ्यायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमची क्रेडिट ते विद्यापीठ नक्की घेणार का? आणि त्या पदवीला भारतात समकक्षता मिळणार का? स्पर्धा परीक्षा किंवा एम.ए.चा प्रवेश डोक्यात असेल, तर दुसरा प्रश्न आधी विचारा.

पैसे आणि वेळ वाचवायला हा मार्ग चांगला आहे. पण इतिहास मनापासून शिकायचा असेल, तर जो भाग परीक्षेतून सुटत नाही, त्याच्यासाठी वाचलेला वेळ राखून ठेवा.