किंमत कोणी मोजली?

मॅट योका यांचा ‘व्हर्लीबर्ड’ (२०२०) हा माहितीपट हेलिकॉप्टरमधून वृत्तांकन करणाऱ्या एका जोडप्याविषयी आहे. एका झपाटलेल्या प्रतिभावंताची शोकांतिका म्हणून तो पाहण्याचा मोह अनेकांना होईल. या वाचनाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

झोई टर, ज्या त्या काळी बॉब टर या नावाने ओळखल्या जात, आणि त्यांची तत्कालीन पत्नी मारिका जेरार्ड यांनी ‘लॉस एंजेलिस न्यूज सर्व्हिस’ चालवली. टर हेलिकॉप्टर चालवीत आणि निवेदन करीत. मारिका बाहेर झुकून कॅमेरा सांभाळीत. २९ एप्रिल १९९२ रोजी रॉडनी किंग मारहाण खटल्याच्या निकालानंतर उसळलेल्या दंगलीत रेजिनाल्ड डेनी या ट्रकचालकाला झालेली मारहाण, १७ जून १९९४ रोजी झालेला ओ. जे. सिम्पसन यांच्या गाडीचा पाठलाग, ही दृश्ये या दोघांनी आकाशातून टिपली.

परंतु चित्रफितींवर चित्राबरोबर ध्वनीही होता. प्रेक्षकांना खालचे शहर दिसले. कॉकपिटमधले बोलणे त्यांच्यापर्यंत पोचले नाही. योका यांनी ते ऐकवले आहे. कॅमेरा धरलेल्या मारिकांवर ओरडणारा, त्यांना घालूनपाडून बोलणारा तो आवाज आहे.

येथे आपल्या समीक्षेची जुनी सवय जागी होते. कलावंताच्या संसाराची राखरांगोळी हा आपण त्याच्या निष्ठेचा पुरावा मानतो आणि ‘ध्यासाची किंमत मोजली’ असे लिहून मोकळे होतो. या वाक्यातील कर्ता कोण, हे व्याकरण शिकवणाऱ्या आपल्याला तरी विचारावेसे वाटायला हवे. ध्यास एकाचा आणि मोजणारी दुसरी, असे हे वाक्य आहे.

कोणी म्हणेल, त्याच दृश्यांमुळे डेनी वाचले. ते खरेच आहे. दूरचित्रवाणीवर मारहाण पाहून परिसरातील काही रहिवासी धावून गेले आणि त्यांनी डेनी यांना रुग्णालयात पोचवले. पण यातून चित्रणाचे मोल सिद्ध होते, आरडाओरड्याचे नव्हे. मारिकांचा हात स्थिर राहिला तो अपमानामुळे नव्हे, अपमान सोसूनही. शिवाय स्वतः टर माहितीपटात आपल्या वागण्याबद्दल खंत व्यक्त करतात. ज्यांचा बचाव करायचा तेच खंत बाळगून असताना समीक्षकाने वकीलपत्र कशासाठी घ्यावे?

‘विहंगावलोकन’ हा शब्द आपण वर्गात कौतुकाने वापरतो. वरून पाहणाराही कोठेतरी बसलेला असतो आणि त्याच्या शेजारी कोणी असते, हे आपण विसरतो. यापुढे ध्यासवेड्या कलावंताचे चरित्र शिकवताना पहिला प्रश्न हाच असावा: शेजारच्या माणसाचे म्हणणे कोठे नोंदले आहे? येथे निदान आवाजाची तरी नोंद झाली, कारण ध्वनिमुद्रण चालू होते. बहुतेक घरांत ते चालू नसते.