षड्ज बदलून पाहा

साधन अपुरे आहे, ही तक्रार शिकणाऱ्याला मोठी सोयीची वाटते. चित्र साधले नाही तर रंग कमी होते, गाणे रंगले नाही तर पेटी बेसूर होती, असे म्हणून मोकळे होता येते. कधी कधी ती तक्रार खरीही असते. परंतु अपुऱ्या साधनातून नवी कला जन्माला आल्याची उदाहरणेही जगात आहेत. आणि त्यांतले एक तर इतके लहान आहे की ते सदऱ्याच्या खिशात मावते. ते म्हणजे माउथ ऑर्गन.

जर्मनीतील ट्रॉसिंगेन या गावी माथियास होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ साली ही वाद्ये बनविण्यास आरंभ केला. पुढे १८९६ साली त्या कारखान्याने ‘मरीन बँड’ नावाचा दहा छिद्रांचा नमुना काढला. मधे लाकडाची एक फणी, तिच्या दोन्ही अंगांना पितळी पत्रे आणि त्या पत्र्यांवर बसविलेल्या वीस बारीक जिभा, एवढाच त्या वाद्याचा संसार. पेटी वाजविताना एक हात भाता हलवितो आणि दुसरा पट्ट्या दाबतो. येथे दोन्ही कामे मुखालाच करावी लागतात. प्रत्येक छिद्रात दोन जिभा असतात. एक श्वास फुंकला असता बोलते, दुसरी तो आत ओढला असता बोलते.

पांढरी एक या पट्टीचा माउथ ऑर्गन घेतला तर कोणत्याही छिद्रात फुंकून सा, ग आणि प हेच तीन स्वर आलटून पालटून मिळतात. रे, म, ध, नी यांसाठी श्वास ओढावा लागतो. चौथ्या छिद्रापासून सातव्यापर्यंत सातही स्वर ओळीने मिळतात. मात्र खालच्या सप्तकात म आणि ध हे दोन स्वर नाहीत, आणि अगदी वरच्या सप्तकात नी नाही. कोमल स्वर तर कोठेच बसविलेले नाहीत. ही रचना चुकून झालेली नव्हे. साध्या सोप्या गीतांना आणि नाचाच्या धूनांना साथ व्हावी, एका फुंकीत दोनतीन जुळणारे स्वर एकत्र उमटावेत, हा निर्मात्यांचा हेतू होता. त्या हेतूला ते वाद्य पुरेसे होते.

हे स्वस्त वाद्य समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले आणि तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या हाती पडले. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली. दारिद्र्य आणि अपमान मात्र संपले नव्हते. शेतातले श्रम, ताटातूट, अन्याय, आणि त्यांतूनही टिकून राहिलेला विनोद यांतून जे गाणे या लोकांनी घडविले त्याला ब्लूज म्हणतात. या गाण्याचे स्वर निराळे. त्यातला गंधार धड शुद्ध नाही, धड कोमल नाही. तो दोहोंच्या मधे हेलकावे खातो. निषाद बहुधा कोमल असतो. पंचमाच्या किंचित खाली घसरून पुन्हा वर येण्याची त्याला मोठी आवड. वाद्य बनविणाऱ्यांच्या मनात हे गाणे नव्हते, म्हणून वाद्यात हे स्वरही नव्हते. अशा वेळी वाद्य टाकून देणे, किंवा मिळतील तेवढ्याच स्वरांवर समाधान मानणे, असे दोन मार्ग दिसतात. त्या वादकांनी तिसरा शोधला.

त्यांनी वाद्य बदलले नाही, षड्ज बदलला. पांढरी एकच्या वाद्यावर पांढरी एक हा षड्ज न मानता त्यांनी तिचा पंचम, म्हणजे पांढरी पाच, हा षड्ज मानला. दुसऱ्या छिद्रातून श्वास ओढला की हा स्वर मिळतो. आता दुसरे, तिसरे आणि चौथे ही छिद्रे एकदम ओढली असता या नव्या षड्जाचे सा, ग, प एकत्र वाजतात. आणि पाचवे छिद्र ओढले की कोमल निषाद हाती येतो. ती जीभ तेथे पहिल्यापासूनच होती. जुन्या षड्जाच्या घरात ती मध्यम म्हणून राहत होती. नव्या घरात तिला कोमल निषादाचा मान मिळाला.

ओढलेल्या श्वासात आणखी एक गुण दडलेला होता. पहिल्या सहा छिद्रांत ओढीचा स्वर फुंकीच्या स्वराहून उंच असतो. जिभेची ठेवण आणि तोंडातील पोकळी बदलत गेले तर हा ओढीचा स्वर खाली वाकतो, आणि त्याच छिद्रातील फुंकीच्या स्वराच्या थोडा वरपर्यंत उतरतो. दोन स्वरांत अंतर जितके अधिक, तितका उतार मोठा. म्हणून तिसऱ्या छिद्रात तो बराच खोल जातो, तर पाचव्या छिद्रात जवळजवळ जातच नाही. या भागातील फुंकीचे स्वर असे वाकत नाहीत. आता नव्या षड्जाचा शुद्ध गंधार नेमका तिसऱ्या छिद्राच्या ओढीत आहे. तो हळूहळू वाकविला की शुद्ध आणि कोमल यांच्या मधला तो हवाहवासा गंधार सापडतो. चौथ्या छिद्राच्या ओढीत पंचम आहे. तो वाकविला की तीव्र मध्यमाची वेदना ऐकू येते. जेथे जे हवे तेथेच ते मिळाले. आपल्याकडे वीणावादक तार खेचून मींड काढतो. हे वादक श्वास वाकवून मींड काढू लागले.

वादकांच्या भाषेत या निवडीला ‘पोझिशन’ म्हणतात. आपण तिला बैठक म्हणू. वाद्याचा मूळ षड्ज ही पहिली बैठक. त्याचा पंचम षड्ज मानला की दुसरी. त्या दुसरीचा पंचम षड्ज मानला की तिसरी. असे पंचमावरून पंचमावर जात राहिले म्हणजे बारा बैठका होतात आणि वादक पुन्हा मूळ जागी येतो. पांढरी एकच्या वाद्यावर तिसऱ्या बैठकीचा षड्ज पांढरी दोन हा असतो. चौथे, पाचवे आणि सहावे छिद्र ओढले की त्या बैठकीतील सा, कोमल ग आणि प एकत्र उमटतात, आणि वाद्याचा सगळा नूरच पालटतो. एकोणिसशे पन्नासच्या दशकात शिकागो शहरात लिट्ल वॉल्टर या नावाने गाजलेला वादक दुसऱ्या बैठकीत प्रवीण होताच. तिसऱ्या बैठकीचाही त्याने सुरेख उपयोग केला. तो १९३० साली लुइझिआना राज्यात जन्मला आणि १९६८ साली वारला. १९५२ सालची ‘ज्यूक’ ही त्याची ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तीत गाणे नाही. आहे ते केवळ वादन.

या बैठकांचे मर्म समजण्यास आपल्या संगीताची चांगली मदत होते. घरी किंवा शाळेत पेटी असेल तर फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवाव्यात आणि दर वेळी षड्ज बदलावा. पांढरी एकपासून निघाले तर बिलावल थाट मिळतो. पांढरी पाचपासून खमाज, पांढरी दोनपासून काफी, पांढरी सहापासून आसावरी आणि पांढरी तीनपासून भैरवी. माउथ ऑर्गनच्या पहिल्या पाच बैठकांचा क्रम हाच. यात एक गंमत आहे. बिलावलात कोमल स्वर एकही नाही; खमाजात नी कोमल होतो; काफीत ग आणि नी; आसावरीत ग, ध आणि नी; भैरवीत रे, ग, ध आणि नी. प्रत्येक बैठकीसरशी एकेक स्वर कोमल होत जातो. सहाव्या बैठकीत शुद्ध पंचमच नाहीसा होतो, म्हणून तिला आपल्या थाटांत स्थान नाही. पांढरी चारपासून निघाले तर तीव्र मध्यमाचा कल्याण थाट मिळतो. ती बारावी बैठक. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा अशा रीतीने केवळ षड्ज बदलून हाती येतात. एकाच स्वरमालेला निरनिराळ्या स्वरांपासून आरंभ करण्याची ही कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रात मूर्च्छना या नावाने आलेली आहे. अर्थात थाट म्हणजे राग नव्हे, आणि ब्लूज म्हणजे खमाज नव्हे. परंतु वाटेवरच्या खुणा ओळखीच्या असल्या की परका प्रदेशही लवकर समजतो.

हे सारे शिकावे की न शिकावे, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काही म्हणतात, जुन्या वादकांना बैठकांचे कोष्टक कोठे ठाऊक होते? ते हृदयातून वाजवीत. शास्त्र शिकले की उत्स्फूर्तता मरते. या बोलण्यात अर्धेच सत्य आहे. डीफोर्ड बेली या विख्यात कृष्णवर्णीय वादकाला (१८९९–१९८२) वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि सुमारे वर्षभर तो अंथरुणास खिळून राहिला. त्या काळात माउथ ऑर्गन हाच त्याचा सोबती होता. आगगाडीचा खडखडाट तो कान देऊन ऐकत असे आणि वाद्यातून पुन्हापुन्हा काढून पाहत असे. १९२७ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘पॅन अमेरिकन ब्लूज’मध्ये एक संपूर्ण आगगाडी धावते. त्याने पुस्तकी नावे शिकली नसतील. पण अशा श्रवणाला अज्ञान कोण म्हणेल? नावे ठाऊक नसणे म्हणजे ज्ञान नसणे नव्हे. ज्याला वर्षानुवर्षे तसा कान देणे शक्य नाही, त्याला नावांचा दिवा हाती घेण्यात कमीपणा का वाटावा?

दुसऱ्या टोकाचे लोक बारा बैठकांचे कोष्टक आठ दिवसांत तोंडपाठ करतात. त्यांना विचारले तर कोणत्या बैठकीत कोणता स्वर कोमल, हे ते घडाघडा सांगतील; वाजवावयास सांगितले तर चार स्वरांचा एक बोलका तुकडा निघणार नाही. नकाशा पाठ केल्याने प्रवास घडत नाही. शिवाय सगळ्या बैठका सारख्या सोयीच्याही नाहीत. काहींत हवे ते स्वर वाकवूनच काढावे लागतात, काही स्वर वाकवूनही मिळत नाहीत. १९७० च्या सुमारास हॉवर्ड लेव्ही या अमेरिकन वादकाने फुंकीच्या एका निराळ्या युक्तीने तेही स्वर मिळविण्यास आरंभ केला आणि दहा छिद्रांच्या वाद्यावर बाराही स्वर खुले केले. ते फळ दीर्घ साधनेचे होते.

या दोन्ही मतांत एकच उणीव आहे. स्वर ही सुटी वस्तू आहे असे दोघेही धरून चालतात; मग एक म्हणतो ती मोजू नका, दुसरा म्हणतो सगळ्या मोजा. वस्तुतः स्वराला अर्थ येतो तो षड्जाशी असलेल्या नात्याने. एकच मनुष्य एका घरी मुलगा असतो, दुसऱ्या घरी मामा आणि तिसऱ्या घरी पाहुणा. माणूस तोच, वागणे निराळे. पाचव्या छिद्राच्या ओढीचेही तसेच. पहिल्या बैठकीत ती मध्यम, दुसरीत कोमल निषाद, तिसरीत कोमल गंधार. बैठक शिकणे म्हणजे ही नाती ओळखणे. ज्याला नाती समजली त्याला ऐन वेळी काय वाजवावे हे सुचते. ज्याला समजली नाहीत तो बोटभर वाद्यावर वाट चुकतो.

ऐन वेळी सुचलेले वादन म्हणजे मन मानेल तसे वादनही नव्हे. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा मापांचा, आणि प्रत्येक माप चार मात्रांचे. पहिली चार मापे षड्जाच्या घरी, पुढे दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा षड्जाच्या; मग एक पंचमाचे, एक मध्यमाचे आणि शेवटची दोन स्वगृही. या अठ्ठेचाळीस मात्रांच्या फेऱ्यात वादकाने कोठेही हिंडावे, पण वेळेवर घरी यावे. ख्याल गाणारा गवई समेवर येतो तेव्हा श्रोते मान डोलावतात, ते याच आनंदाने. बंधन नसते तर परतण्याचा हा आनंदही नसता.

म्हणून शिकणाऱ्याने एका वेळी एकच बैठक घ्यावी. तिचा षड्ज तंबोऱ्यावर किंवा पेटीवर सतत धरून ठेवावा आणि प्रथम स्वतःच्या गळ्याने गाऊन पाहावा. जे गळ्याला ठाऊक नाही ते श्वासाला सापडत नाही. मग सा, ग, प या तीनच स्वरांत बोलून पाहावे. त्यांत कंटाळा न येता पाच मिनिटे रमता आले की चौथा स्वर घ्यावा. तोंडात बसलेली एखादी बिलावलची चाल काफीत वाजवून पाहावी आणि कोणता स्वर बदलल्याने तिचा चेहरा बदलला, हे स्वतःच शोधावे. कोष्टक पाहावे ते त्यानंतर. तेव्हा ते पाठ करावे लागत नाही, ओळखीच्या माणसांच्या यादीसारखे वाचता येते.

निरनिराळ्या पट्ट्यांची वाद्ये बाळगू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. गायकांच्या पट्ट्या निराळ्या असतात आणि वादकाला ती वाद्ये लागतात. पण दहा वाद्ये घेऊन एकाच चाकोरीत फिरणारा श्रीमंत म्हणावा, की एका वाद्यात पाच घरे वसविणारा? ज्या वादकांपाशी दुसरे वाद्य घेण्यास पैसे नव्हते, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या श्वासाने देऊन ठेवले आहे. जे मिळाले त्यात आपले गाणे नाही, असे दिसताच ते खचले नाहीत. उभे राहण्याची जागा त्यांनी बदलली. साधनाला नावे ठेवण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी हे करून पाहावे.